तुझ्या गावाहून, माझ्या गावी

गोंदिया, ६ नोव्हेंबर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

रविवारी रात्री तू फोनवर रडलीस आणि मी तुला भलतंच बोलले. "अगं, कोल्हापुरात राहून कुणाला करमत नाही असं कधी होतं का?" पलीकडून तू काहीच बोलली नाहीस. मग नाक ओढून "बरं, ठेवतो आता" म्हणालीस आणि फोन ठेवलास. बाबा जेवत होते, त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. परत फोन लावावा असं तीनदा मनात आलं, पण जे सांगायचंय ते मला बोलून जमणार नाही. म्हणून पत्र लिहायला बसले. तुझ्या कोल्हापूरच्या आजीला मी याच टेबलावर पत्रं लिहायची. तेव्हा मी इथून तिकडच्यासाठी रडायची, आता तू तिकडून इकडच्यासाठी रडतेस.

तू जे म्हणालीस ते मला शब्दन्‌शब्द आठवतंय. "आई, इथे सगळं चांगलं आहे गं, पण मला घरी यायचंय. दिवाळीनंतरच्या मंडई-जत्रा सुरू झाल्या असतील. मला धानाचा वास पाहिजे." मी दचकले ते याने. एकतीस वर्षं या गावात राहते आहे मी, आणि या गावासाठी कुणी रडेल हे कधी माझ्या मनाला शिवलं नव्हतं.

सोमवारी बाबा ऑफिसला गेल्यावर माळ्यावरची ट्रंक काढली. तुझ्या शाळेच्या वह्या आहेत तिच्यात. चौथीची निबंधाची वही सापडली. 'माझे गाव'. तुला आठवत असेल नसेल, तो निबंध मी तुला सांगितला होता आणि तू लिहून घेतला होतास. रंकाळा, अंबाबाई, पन्हाळा, शाहू महाराज, सगळं माझं. तू पेन्सिल थांबवून विचारलं होतंस, "पण आई, आपलं गाव गोंदिया ना?" मी म्हणाले होते, "गोंदियात आपण राहतो. गाव आपलं कोल्हापूर." तू लिहिलंस. खाली जागा उरली होती, तिथे तू आपल्या मनाने दोन पक्षी काढले. उंच पायांचे, लाल मानेचे. मी विचारलं, हे काय? तर म्हणालीस, सारस. मी म्हणाले, कोल्हापुरात सारस नसतात, खोड. आणि तू खोडलेस. पण लाल रंगाची पेन्सिल नीट खोडली जात नाही बाळ. त्या पानावर आजही दोन तांबूस डाग आहेत. सोमवारी किती वेळ ते पान घेऊन माळ्याच्या शिडीवर बसले होते कोण जाणे. दूधवाला हाक मारून गेला तेही कळलं नाही.

त्या पानाबद्दल मला तुझी माफी मागायची आहे. आणि नोकरीबद्दलही. नागपूरची नोकरी हातात असताना मी तुला शिरोलीच्या फौंड्रीकडे ढकललं. तू म्हणत होतीस, नागपूरहून शनिवारी निघालं की दोन-अडीच तासांत घर. मी तुला फौंड्रीतलं काम किती मोठं, कोल्हापूरचं कास्टिंग कुठेकुठे जातं, ते सांगत बसले. खरं कारण वेगळं होतं. माझं एक माणूस परत त्या गावात राहणार, याचा मला आनंद झाला होता. पेढे मी माझ्यासाठी वाटले होते.

मी इथे कशी आले ते तुला तुकड्यातुकड्यानं माहीत आहे, सलग कधी सांगितलं नाही. बाबा शेतकी कॉलेजात शिकायला कोल्हापूरला आले होते. दसरा चौकाच्या बाजूला बोर्डिंगात राहायचे. आमच्या गावाला बाहेरून आलेली पोरं नवी नव्हती, शाहू महाराजांनी इतकी बोर्डिंगं उभी केली की प्रत्येक पेठेच्या खानावळीत कुठलं ना कुठलं परगावचं पोरगं जेवत असायचं. पण 'भंडारा जिल्ह्यातला' हा एकटाच. पांढरा रस्सा पहिल्यांदा पिऊन "हे दूध आहे का?" असं विचारणारा. लग्न ठरलं तेव्हा तुझे आजोबा नकाशा घेऊन बसले. एका टोकाला कोल्हापूर, दुसऱ्या टोकाला गोंदिया, मध्ये अख्खा महाराष्ट्र. ते म्हणाले, "पोरी, याच्या पलीकडं रेल्वे गेली की मध्य प्रदेश न्हाईतर छत्तीसगड." तेव्हा छत्तीसगड हे वेगळं राज्यही नव्हतं, पण सगळे त्या मुलखाला तेच म्हणायचे.

१९९४ च्या मे महिन्यात महाराष्ट्र एक्स्प्रेसने आले. मिरज, सातारा, पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा, नागपूर. दुपारी बसलेली मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरले. तेराशे किलोमीटरच्या वर अंतर, आणि एवढं जाऊनही राज्य तेच, भाषा तीच म्हणे. फलाटावर पाय ठेवला आणि अंगाला तव्याजवळ बसल्यासारखी धग लागली. संध्याकाळचे सात वाजले होते. आमच्याकडे मे महिन्यात रंकाळ्यावर वारा सुटतो त्या वेळेला.

आणि भाषा तीच, हेही खरं नव्हतं. पहिल्या आठवड्यात शेजारच्या काकू बसायला आल्या होत्या. निघताना मी सवयीने म्हणाले, "थांबा, मी चहा टाकतो." काकू हसायला लागल्या. तुझी आजीही हसली. "सूनबाई, तू माणसावानी बोलतेस!" आमच्याकडे सगळ्या बायका असंच बोलतात गं. मी येतो, मी जातो, मी करतो. माझी आई तसं बोलायची, तिची आई तसंच बोलायची, शाळेतल्या मैत्रिणी तशाच. त्यात पुरुषासारखं काही आहे हे मला गोंदियात येईपर्यंत माहीतही नव्हतं. कुणी वाईट हेतूने हसलं नाही, पण त्या दिवसापासून मी तोंड उघडण्याआधी थांबायला लागले. येतो, छे, येते. जातो, छे, जाते. वर्षभरात जीभ वळली. पहिल्या माहेरपणाला गेले आणि उंबऱ्यातून म्हणाले, "आई, आले गं." आई स्वयंपाकघरातून ओरडली, "कोण आलंय?" तिला माझा आवाज कळला नव्हता, असं नाही. पण ती हसत हसत पुढे आली आणि डोळे पुसत आत गेली, एवढं मला अजून दिसतं.

तुला तिथे ऑफिसातल्या मुली "काय करून राहिलीस?" म्हणून चिडवतात, हे तू मागे सांगितलं होतंस. तेव्हा मी म्हणाले होते, मनावर घेऊ नकोस. चुकीचं सांगितलं. मनाला लागतं ते. आपल्या घरातलं बोलणं दुसऱ्यांना गमतीचं वाटतं तेव्हा आपलं अख्खं घरच त्यांच्यासमोर उघडं पडल्यासारखं वाटतं. 'करून राहिली' हे तुझ्या आजीचं बोलणं आहे, तुझ्या आत्याचं आहे. ते मोडू नकोस.

गावाची आठवण म्हणजे काय हे मला तुला समजावून सांगायची गरज नाही आता. पण ती माझ्यात कशी राहिली ते सांगते, कारण तिच्यामुळेच मी तुझ्या गावाला इतकी वर्षं बाहेर उभं ठेवलं.

सुरुवातीला ती जिभेवर होती. मे महिन्यात तुझी मामी वर्षाची चटणी डंकावर कुटून घ्यायची. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची, कांदा, लसूण, खोबरं, तीळ. त्यातला एक डबा फडक्यात बांधून कुणाच्या तरी हाती गाडीने यायचा. तो डबा उघडला की दोन खोल्यांत वास भरायचा आणि मी दार लावून घ्यायची, वास बाहेर जाऊ नये म्हणून. पुढे पुढे डबा येईपर्यंत पुरेना, तेव्हा मी भिवापुरी मिरची घालून इथेच करायला लागले. आपल्या घरातली चटणी गेली वीस वर्षं अर्धी कोल्हापूरची आणि अर्धी इकडची आहे. तुला जी चव 'आईची' वाटते ती ही. परवा तू म्हणालीस ना, मामीची चटणी वेगळी लागते. लागणारच.

मग ती आकड्यांत शिरली. पत्रांवर पत्ता लिहिताना मला दिसलं की गोंदियाचा पिन ४४१६०१ आहे, आणि त्याच्या पोटात ४१६ आहे. कोल्हापूरचे सगळे पिन ४१६ ने सुरू होतात. मी कुणाला सांगितलं नाही, पण पाकिटावर ते तीन आकडे लिहिताना हात जरा सावकाश चालायचा. तेव्हा खाली 'जि. भंडारा' लिहावं लागे. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा झाला, आणि पुढच्या वर्षी तू झालीस. तुला भंडारा जिल्हा कधी लिहावाच लागला नाही.

आणि पावसाळा. जुलै लागला की रोज सकाळी मी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघते, हे तुम्ही दोघं बघतच आलात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. इथे आपल्या दारात ऊन पडलेलं असलं तरी माझा दिवस त्या आकड्यावर जायचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. तू आता रोज ज्या शिरोलीच्या रस्त्याने जातेस तिथे महामार्ग पाण्याखाली होता, कित्येक दिवस बंद. शाहूपुरीतल्या माझ्या मैत्रिणीचा फोन लागत नव्हता. मी भात शिजायला लावायची आणि गॅस बंद करायचं विसरायची. तू तेव्हा कॉलेजात होतीस. एका रात्री तू माझ्या हातातून मोबाईल काढून घेतलास आणि म्हणालीस, "आई, तू इथे बसून पाणी ओसरवू शकत नाहीस." मी रागावले होते. पण मग तू उठून माझ्या मैत्रिणीचा नंबर तुझ्या मोबाईलवरून अर्ध्या अर्ध्या तासाने लावत बसलीस, पहाटे चारला लागला तोवर. ते मी विसरलेले नाही.

८ ऑगस्ट २०२४ ची रात्र तर तू माझ्याजवळच होतीस. केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं. १९१५ साली शाहू महाराजांनी बांधलेलं, आमचे आजोबा त्याला पॅलेस थिएटरच म्हणायचे. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती, आणि आदल्या रात्री आग. माझ्या वडिलांनी मला पहिलं नाटक तिथे दाखवलं. नाटक आता आठवत नाही. तिसरी घंटा होते, दिवे हळूहळू मंद होत जातात, आणि वडील आपली टोपी काढून मांडीवर ठेवतात, ते आठवतं. त्या रात्री व्हिडिओत छत कोसळताना दिसलं तेव्हा मी मोठ्याने ओरडले. बाबा म्हणाले, इमारत आहे, परत बांधतील. तू काही बोलली नाहीस, माझ्या शेजारी जमिनीवर बसून राहिलीस. तुला तेव्हा ते नाट्यगृह म्हणजे फोटोतली एक भिंत, तरी तू बसलीस. आणि रविवारी तू तुझ्या मंडईसाठी रडलीस तेव्हा मी तुझ्या शेजारी बसले नाही.

आता एक गोष्ट सांगते जी मी बाबांनाही सांगितलेली नाही. तीन वर्षांपूर्वी मामाच्या घरी पंधरा दिवस राहिले होते बघ, मामीच्या ऑपरेशनच्या वेळी. पेठेतलं जुनं घर जाऊन तिथे अपार्टमेंट झालंय ते तू पाहिलंच आहेस. आमच्या परसातलं उंबराचं झाड होतं तिथे आता स्कूटरी लावतात. पण मी रोज सकाळी फिरून सगळं बघून घेत होते. गंगावेशीत अजून म्हशी उभ्या करून समोर धार काढून देतात, ते दूध प्याले. बोळातून महाद्वार रोडला निघाले. पापाच्या तिकटीला चपला बघितल्या. सगळं माझं होतं. आणि आठव्या-नवव्या दिवशी कपिलतीर्थ मार्केटात भाजी घेताना मी विचारलं, "मावशी, सांभार कसा दिला?" ती बाई माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "सांबार हाटेलात मिळतंय की वहिनी." मी कोथिंबिरीच्या जुडीवर हात ठेवून उभी होते आणि मला 'कोथिंबीर' हा शब्द पटकन सापडेना. मग तिने विचारलं, "गाव कंचं तुमचं?" कपिलतीर्थ मार्केटात. जिथे मी आईचं बोट धरून वर्षानुवर्षं भाजी आणली.

मी काय उत्तर दिलं माहीत आहे? मी म्हणाले, "गोंदिया." आणि घाईने पैसे देऊन निघाले. त्या रात्री मला झोप येईना, तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की मी कसला तरी आवाज शोधते आहे. आपल्या घरामागच्या राईस मिलचा. तो हंगामात रात्रभर चालतो, आणि मी त्याला इतकी वर्षं शिव्या देत होते. त्याशिवाय मला झोप लागत नव्हती. पण हे मी कुणाला कबूल केलं नाही, स्वतःलाही नाही. परत आल्यावर पुन्हा 'तुमचं गोंदिया, तुमचा उन्हाळा, तुमचे डास' सुरू.

आमची आजी रंकाळ्याच्या नंदीची गोष्ट सांगायची. तो नंदी रोज एक गहूभर तळ्याकडे सरकतो आणि एक तांदूळभर मागे येतो. ज्या दिवशी तो तळ्यापाशी पोचेल त्या दिवशी जगबुडी. लहानपणी मी आणि मामा त्याच्या खुरापाशी खडूची रेघ मारून यायचो, सरकला का बघायला. रेघ पावसात पुसली जायची. ती गोष्ट मी तुला कितीदा सांगितली असेल. पण तुझ्या आजीने, इकडच्या आजीने, तुला काय काय सांगितलं ते मी कधी कान देऊन ऐकलं नाही. नवेगावचं तळं कोहळी लोकांनी कसं बांधलं ती गोष्ट ती सांगायची ना? कोलू पाटलाची? मला अर्धीमुर्धीच माहीत आहे. तू आलीस की मला सगळी सांग. आता सांगायला आजी नाही.

तर, तुझ्या गावाची खबर. तुला जशी हवी असेल तशी लिहिते, कारण मला तिकडून पत्र यायचं तेव्हा मला 'सगळे मजेत' असं लिहिलेलं नको असायचं. मला कुठल्या गल्लीत खड्डा पडला तेही पाहिजे असायचं.

लवकर येणारा हलका धान कापून झालाय, उशिराचा भारी उभा आहे. बालाघाट रोडने गेलं की दोन्ही बाजूंच्या बांध्या पिवळ्याधमक दिसतात. मिलमध्ये उसन्याचं, म्हणजे धान उकडायचं, काम सुरू झालंय, पहाटे चारपासून तो वाफेचा, ओल्या पोत्यासारखा वास येतो. तू ज्याला धानाचा वास म्हणतेस तो हाच ना? मी खिडकी उघडी ठेवते आता. रात्री गारवा पडायला लागलाय, तुझी गोधडी उन्हात टाकून ठेवली.

स्टेशनच्या रस्त्याला शिंगाडेवाल्या बसल्यात. काळे, उकडलेले. तुझी ती ढीवरांची आजी अजून त्याच जागी बसते. मी मंगळवारी पाव किलो घेतले तर म्हणाली, "पोरगी कुठं हाय? ती आली की अर्धा किलो लागते." मी सांगितलं, कोल्हापूरला नोकरीला गेलीय. तिने विचारलं, "ते नागपूरच्या पुढं हाय का?" मी म्हणाले, हो, बरंच पुढे. मग तिने एक मूठ जास्त टाकली, तुझ्या वाटणीची. मी ते घरी येऊन एकटीने सोलून खाल्ले. नखं काळी झाली. तुझी नखं सगळा कार्तिक काळी असायची आणि मी तुला ओरडायची.

आणि काल आत्याच्या गावची मंडई होती. बाबा दर वर्षी जातात, मी दर वर्षी डोकं दुखतंय म्हणते. काल गेले. आत्याला इतका आनंद झाला की तिला काय करावं सुचेना, तिने आयत्यांचं, म्हणजे तांदळाच्या घावनांचं, पीठ भिजवून ठेवलेलं असताना वर वडेही तळले. रात्री दंडार, इकडचं लोकनाट्य, बघायला बसलो. मला पहिले दोन तास नीट कळलं नाही, शेजारच्या बाया मला एकेक ओळ समजावून देत होत्या. मग कधीतरी त्या समजावायच्या थांबल्या आणि मीही त्यांच्याबरोबर हसत होते. पहाटे तीनला थंडी वाजायला लागली तेव्हा आत्याने तिच्या चादरीचा अर्धा भाग माझ्यावर टाकला. तुझ्याबद्दल सगळ्यांनी विचारलं. तान्ह्या पोळ्याचा तुझा लाकडी नंदी आत्याकडे आहे, तिने फळीवर ठेवलाय, शिंगांना अजून तू चिकटवलेला सोनेरी कागद आहे. आमच्याकडे पोळा नसतो, बेंदूर असतो, तोही आषाढात, म्हणून मी त्या सणात कधी जीव घातला नाही. तू मात्र तो नंदी ओढत दारोदार जाऊन बोजारा गोळा करून आणायचीस आणि सगळी नाणी माझ्या पदरात ओतायचीस.

येताना उजाडत होतं. एका बोडीच्या, लहान तळ्याच्या, कडेला बाबांनी गाडी थांबवली, काही न बोलता. दोन सारस उभे होते बांधीत, दव पडलेल्या धुऱ्यापाशी. महाराष्ट्रातले बहुतेक सारस आता आपल्याच जिल्ह्यात उरलेत, ते मला माहीत होतं, पेपरात वाचलं होतं. पण खरं सांगते बाळ, एवढ्या जवळून मी ते नीट उभं राहून पाहिलेच नव्हते. माझ्या खांद्याएवढे उंच. एकाने मान वर करून हाक दिली आणि दुसऱ्याने लगेच उत्तर दिलं, एकाच गळ्यातून आल्यासारखं. मान अगदी तशीच लाल, जशी तू काढली होतीस. चौथीतल्या मुलीने इतकी नीट काढली होती.

बाबांच्या रिटायरमेंटला दोन वर्षं आहेत. तुला माहीतच आहे, एकतीस वर्षं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय की नंतर कोल्हापूर. घरी आल्यावर त्यांनी चहा पिताना विचारलं, "मग, फ्लॅट बघायला मामाला सांगायचं ना?" मी उत्तर दिलं नाही. अजून दिलेलं नाही. मला कोल्हापूर आजही तितकंच हवंय, त्यात काही कमी झालेलं नाही. पण इथली खिडकी बंद करून जायचं म्हटलं की आता पोटात काहीतरी होतं, आणि ते काय आहे ते तू रविवारी रडलीस तेव्हापासून मला कळतंय.

तिकडचं तुला काय सांगू? ९, १०, ११ नोव्हेंबरला अंबाबाईचा किरणोत्सव आहे. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, आधी पायांशी, मग छातीपर्यंत, आणि आभाळ स्वच्छ असलं तर तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. मी दर वर्षी तुला हे सांगताना 'बघायलाच पाहिजे' म्हणायची. या वेळी म्हणत नाही. कामावरून दमून आलीस तर झोप. उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर आले असतील, शिरोलीच्या रस्त्याला स्कूटर जपून चालव, रात्री त्या ट्रॉल्यांना मागे दिवे नसतात. फौंड्रीत भट्टीजवळ जाताना तो जाड कोट घालतेस ना? आणि राजारामपुरीतल्या घरमालकीण बाईंना तू आवडतेस असं मामी सांगत होती. त्यांना एकदा आयते करून घाल. पीठ पातळ असू दे, तवा चांगला तापू दे, आणि पहिला बिघडला तरी टाकू नकोस, तो आपण खायचा.

मामाच्या ओळखीचे एक जण शनिवारच्या गाडीने कोल्हापूरला जाताहेत, त्यांच्याबरोबर पिशवी पाठवते आहे. त्यात पाच किलो चिन्नोर तांदूळ आहे, आत्याच्या शेतातला. आपली चटणी आहे, अर्धी-अर्धी. वाळवलेले शिंगाडे आहेत. आणि एका वर्तमानपत्रात गुंडाळून ती चौथीची वही ठेवली आहे. लाल पेन्सिलही ठेवली आहे.

तुला डिसेंबरात चार दिवस सुट्टी मिळेल असं म्हणाली होतीस. बाबांनी तिकीट काढलंय, स्लीपर, खिडकीजवळचं. दुपारी बसलीस की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इथे. तिरोडा गेलं की फोन कर.

मी स्टेशनवर येतो.

तुझी,
आई